तळ्याकाठची सोसायटी: नव्या कमिटीने कुठलं काम आधी करायचं, कुठलं नंतर

पुण्यात पाषाण असो, कात्रज असो की जांभूळवाडीची बाजू, तळ्याकाठच्या सोसायट्यांत एक गोष्ट मी परत परत बघतेय. नवीन कमिटी येते, उत्साह दांडगा असतो, पहिल्याच रविवारी सगळे हातमोजे घालून जलपर्णी काढायला तळ्यावर, फोटो ग्रुपवर, आणि दुसऱ्या आठवड्यात महापालिकेला खरमरीत पत्र की तळ्यात घाण येतेय, ताबडतोब कारवाई करा. मग तिकडून इंजिनिअर येतात, पहिलं चेंबर उघडतात ते आपल्याच गेटबाहेरचं, आणि त्यात साबणाचं फेसाळ पाणी आपल्याच बिल्डिंगकडून येताना दिसतं. आमच्याकडे अगदी हेच झालं. मी तेव्हा सेक्रेटरी होते, पत्रावर सही माझी होती. त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमच्या अर्जाकडे कोणी धड बघितलं नाही.

कामं सगळी बरोबर होती, क्रम उलटा होता. तळं सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी कागद, हद्द, आपलं सांडपाणी, पैसे आणि सभा. खाली त्याच क्रमाने लिहितेय, प्लीज मधलं काही गाळू नका.

१. आधी कपाट ताब्यात घ्या

पहिला प्रश्न: तुमची खरंच सोसायटी आहे का? पुण्यात गेटवर सोसायटीचा बोर्ड आणि कागदावर अपार्टमेंट अशी कितीतरी ठिकाणं आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली चालते, अपार्टमेंट १९७० च्या वेगळ्या कायद्याखाली आणि डीड ऑफ डिक्लरेशनप्रमाणे (इमारतीचा नोंदणी केलेला घोषणापत्राचा दस्त). सभेचे, मेंटेनन्सचे नियम दोन्हीकडे वेगळे आहेत. मी पुढे जे लिहिलंय ते नोंदणीकृत सोसायटीचं आहे.

जुन्या कमिटीकडून चार्ज घेताना यादी करून, दोन्हीकडच्या सह्या घेऊन घ्या. तोंडी 'सगळं कपाटात आहे हो' यावर जाऊ नका. नोंदणी दाखला, मंजूर उपविधी (सोसायटीचे नियम), आय आणि जे रजिस्टर (सभासदांची नोंदवही आणि यादी), सभांची प्रोसिडिंग बुकं, ऑडिट रिपोर्ट, बँकेची पासबुकं, एफडीच्या पावत्या, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालं असेल तर ते डीड, आणि तळ्याकाठी असाल तर तीन कागद जास्तीचे: महापालिकेने मंजूर केलेला लेआउट, ड्रेनेजचा नकाशा, भोगवटा पत्र. ड्रेनेजचा नकाशा नव्वद टक्के वेळा मिळत नाही. तो बिल्डरकडे मागा, आर्किटेक्टकडे मागा, नाहीच मिळाला तर माहिती अधिकारात महापालिकेकडे अर्ज टाका, दहा रुपये फी आहे आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज आजच टाका, कारण तिसरा टप्पा त्याच्यावर अवलंबून आहे.

तपासून बघा: बँकेत सही करणाऱ्यांची नावं बदलली का? हे राहून गेलं तर महिनाभराने वॉचमनचा पगार अडकतो.

२. हद्द कुठे संपते ते जमिनीवर बघा

तळ्याकडची मागची भिंत म्हणजे आपली हद्द, असं सगळे धरून चालतात. पण बिल्डरने भिंत कधी आत घेतलेली असते तर कधी चक्क ओढ्याच्या जागेत ढकललेली असते. शंका असेल तर भूमी अभिलेख खात्याकडून सरकारी मोजणी करून घ्या, पैसे लागतात, तारीख मिळायला वेळ लागतो, पण नंतरचे सगळे वाद एका कागदावर मिटतात. नदीजवळ असाल तर जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघून घ्या, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आणि तळ्याच्या सांडव्याखाली असाल तर सांडव्यातून निघालेलं पाणी कुठल्या ओढ्याने जातं ते पायी चालत जाऊन बघा, नकाशावर नाही. ओढ्यावर कुठे मोरी लहान आहे, कुठे राडारोडा टाकलाय, हे चालल्याशिवाय कळत नाही.

हे मी इतकं का लावून धरते तर २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यात कोणी विसरलेलं नाही. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, सहकारनगर-अरण्येश्वर भागात सीमाभिंती कोसळल्या, माणसं गेली, पार्किंगमधल्या गाड्या काडेपेटीसारख्या वाहत गेल्या. भिंत पडते ती बहुतेक वेळा मागे पाणी तुंबतं म्हणून. त्यामुळे भिंतीला खाली दर दीड-दोन मीटरवर पाणी निघायची भोकं आहेत का ते बघा. आमच्या भिंतीची भोकं आधीच्या कोणीतरी उंदीर येतात म्हणून सिमेंटने बुजवली होती, आम्ही ती परत फोडून आतून जाळी लावली, दोन दिवसांचं काम होतं. भिंतीत पिंपळ उगवला असेल, भिंत बाहेर कललेली असेल, आडवी चीर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि तोवर त्या बाजूचं पार्किंग बंद ठेवा.

सावधान: तळ्याकडे मागचं गेट पाडायचं, पेव्हर ब्लॉक टाकून वॉकवे करायचा, असली कामं हद्दीबाहेर लेखी परवानगीशिवाय अजिबात करू नका, मग सगळ्या सभासदांनी हात वर केले असले तरी. सोसायटीचा ठराव फक्त सोसायटीच्या जागेत चालतो.

३. आपलं पाणी कुठे जातं? इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

सोसायटीतून दोन वेगळ्या लाइनी बाहेर जायला हव्यात. संडास-बाथरूम-किचनचं पाणी ड्रेनेज लाइनला, आणि गच्चीचं, आवारातलं पावसाचं पाणी पावसाळी लाइनला. ड्रेनेज जातं शुद्धीकरण केंद्राकडे, पावसाळी लाइन जाते सरळ ओढ्यात किंवा तळ्यात, मध्ये कुठलीही शुद्धीकरणाची सोय नसते. म्हणजे पावसाळी लाइनमध्ये जे सोडाल ते तळ्यात सोडलंच.

पहिली परीक्षा एकदम सोपी आहे. मार्च-एप्रिलमध्ये, पावसाचा थेंब नसताना, सकाळी सात-साडेसातला पावसाळी लाइनचं शेवटचं चेंबर उघडून बघा. ते कोरडं ठणठणीत पाहिजे. पाणी वाहत असेल तर ते कुणाच्या तरी घरातलं आहे.

दुसरी परीक्षा, कुणाच्या घरातलं ते शोधायची. खाण्याचा रंग घ्या (होळीचा नको, तो पाइपाला चिकटतो), बादलीभर पाण्यात चांगला गडद कालवा, एका वेळी एकाच फ्लॅटच्या एकाच जाळीत ओता आणि वर अजून दोन बादल्या साधं पाणी. खाली दोन माणसं, एक ड्रेनेज चेंबरवर, एक पावसाळी चेंबरवर, दोघांकडे फोन. वहीत लिहीत जा: फ्लॅट नंबर, कुठली जाळी, वेळ, रंग कुठे निघाला. दोन फ्लॅटच्या मध्ये किमान वीस मिनिटं जाऊ द्या, नाहीतर आधीचाच रंग दिसून भलत्याच माणसावर आळ येतो.

आमच्याकडे चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे पहिला लाल रंग ओतला तो किचनच्या सिंकमध्ये, तो बरोबर ड्रेनेजला आला. बाथरूमचा पण बरोबर. मग त्यांच्या मिसेस म्हणाल्या, 'अहो ड्राय बाल्कनीतली जाळी राहिली की.' तिथे ओतला आणि दोन-तीन मिनिटांत खालून आमच्या वॉचमनचा आवाज, 'मॅडम, इकडे आला, पावसाच्या चेंबरला आला!' ड्राय बाल्कनीतली (किचनमागची धुण्याभांड्याची छोटी बाल्कनी) जाळी बिल्डरने पावसाच्या पाइपला जोडली होती, कारण कागदावर तिथे फक्त पावसाचे शिंतोडे येणार होते. पण वॉशिंग मशीन, मोलकरणीची भांडी, फरशीचं पाणी सगळं तिथेच. काकांची काही चूक नव्हती, 'आम्हाला तर बिल्डरनेच असं दिलंय' हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. एका उभ्या लाइनीवर अकरा फ्लॅट, सगळ्यांचं तेच. जलपर्णीला जे खत लागतं, नायट्रोजन आणि फॉस्फरस, ते सांडपाण्यातूनच मिळतं, म्हणजे रविवारी आम्ही तळ्यातून जे काढत होतो त्याला रोज सकाळी आम्हीच खायला घालत होतो.

यावर उपाय असा की ड्राय बाल्कनीचा उभा पाइप गच्चीच्या पावसाच्या पाइपापासून तोडायचा आणि खाली गली ट्रॅप (वास आणि कचरा अडवणारा छोटा सापळा) बसवून ड्रेनेज चेंबरला जोडायचा. गच्चीचं पाणी स्वतंत्र पाइपाने पावसाळी लाइनलाच. काही जण शॉर्टकट म्हणून अख्खा पाइपच ड्रेनेजला जोडतात. ही मोठी चूक, कारण पहिल्या जोरदार पावसात गच्चीचं सगळं पाणी ड्रेनेजमध्ये घुसतं आणि तळमजल्याच्या संडासातून वर येतं. याचाच दुसरा प्रकार म्हणजे आवारात पाणी तुंबलं की वॉचमन ड्रेनेज चेंबरचं झाकण उचलून ठेवतो. त्यांना नीट समजावून सांगा, रागावू नका, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

एसटीपी, म्हणजे आपल्याच आवारातला सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, असेल (बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असलेल्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, त्यात ही अट बहुतेक असते, तो कागद शोधा) तर महिन्यातून एकदा कमिटीतल्या कोणीतरी खाली उतरून बघितलंच पाहिजे. काचेच्या लिटरभर बरणीत एअरेशन टाकीतलं (जिथे पाण्यात हवा सोडतात ती) पाणी घ्या आणि अर्धा तास न हलवता ठेवा, खाली तपकिरी गाळ बसून वर बऱ्यापैकी स्वच्छ पाणी वेगळं दिसायला हवं. सगळं गढूळच राहिलं, किंवा गाळ काळा आणि कुजका वास असेल तर ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारं यंत्र, नीट चालत नाहीये. बहुतेक वेळा विजेचं बिल वाचवायला रात्री बंद ठेवलेला असतो. तुमचा प्लँट एमबीबीआरचा (टाकीत प्लॅस्टिकचे छोटे तुकडे तरंगतात तो प्रकार) असेल तर बरणीची परीक्षा तितकी लागू नाही, तिथे ऑपरेटरकडून लॅब रिपोर्ट मागा.

सावधान, आणि हे मनापासून सांगतेय: चेंबर, सेप्टिक टाकी, एसटीपीची टाकी, कशातही माणूस उतरवू नका. 'नेहमीचा माणूस आहे, पाच मिनिटांचं काम आहे' असं म्हणूनच आतल्या गॅसने माणसं मेलीत, आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे. जेटिंग किंवा सक्शनची गाडीच बोलवा.

४. पैसे: हिशेबाचे हेड वेगळे ठेवा

मेंटेनन्स सगळ्यांना सारखा की स्क्वेअर फुटावर, हे भांडण प्रत्येक सोसायटीत होतं. आदर्श उपविधीत (सहकार खात्याने दिलेले नमुना नियम) उत्तर आहे: सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना सारखे, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) किमान ०.२५ टक्के. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. तुमच्या उपविधीची प्रत उघडा आणि त्यात काय आहे ते बोट ठेवून वाचा.

तळ्याकाठच्या सोसायटीला खर्च जास्त असतो हे बजेट करतानाच धरा: पंप, भिंत, पाणी तपासणी, ड्रेनेज. आमच्याकडे हे सगळं 'किरकोळ दुरुस्ती'त जायचं आणि वर्षाखेरीला कोणालाच कळायचं नाही पैसे कुठे गेले. वेगळं हेड केलं तसे प्रश्न कमी झाले.

थकबाकीदारांचं एक सांगते. नाव नोटीस बोर्डावर, ग्रुपवर टाकायचं, पाणी तोडायचं, असलं काही करू नका, पाणी तोडलंत तर तुम्हीच अडचणीत याल. लेखी मागणी, पोच, परत नोटीस, पोच, आणि मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्याचा अर्ज. व्याज साधं, चक्रवाढ नाही, आणि तुमच्या उपविधीतल्या कमाल मर्यादेच्या आत.

५. सभा: दिवस बोटावर मोजा

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, ऑडिट ३१ जुलैपर्यंत, वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत. गणपती याच्या आसपासच असतात, त्यामुळे तारीख जूनमध्येच ठरवा.

वार्षिक सभेला १४ पूर्ण दिवसांची नोटीस लागते. पूर्ण म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. सभा २८ सप्टेंबरला असेल तर नोटीस १३ तारखेपर्यंत प्रत्येकाच्या हातात पोचलेली हवी, १४ ला दिली तर एक दिवस कमी पडला आणि ज्याला अडवायचंय तो तेवढ्यावरून सभा अडवतो. विशेष सभेला पाच पूर्ण दिवस. कोरम एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातलं जे कमी असेल ते. कोरम नसला तर अर्ध्या तासाने तीच सभा होईल हे नोटिशीतच लिहून ठेवा, आणि अशा सभेत अजेंड्यावरचेच विषय घ्या.

ठराव लिहिताना गोलमाल लिहू नका. 'ड्रेनेजचे काम करावे असे ठरले' हा ठराव नाही. कुठलं काम, किती कोटेशन आली, कुठलं मंजूर, किती रकमेपर्यंत, कुठल्या फंडातून, कधीपर्यंत, सूचक कोण, अनुमोदक कोण. तिसऱ्या टप्प्यातली रंगाची वही इथे सभेत वाचून दाखवा. आम्ही दाखवली तेव्हा ज्या अकरा घरांचं पाणी तळ्यात जात होतं त्यातल्या सात जणांनी स्वतःहून हात वर केला, कारण वहीत वेळेसकट लिहिलेलं होतं आणि कोणाचा अपमान केलेला नव्हता.

६. मे महिन्याची कामं

पाऊस सुरू झाल्यावर यातलं एकही काम धड होत नाही, म्हणून सगळं ३१ मे च्या आत. पावसाळी चेंबर साफ, गच्चीच्या जाळ्या साफ. बेसमेंटचे दोन्ही पंप पाण्यात चालवून बघा, नुसतं बटण दाबून मोटर फिरली म्हणजे झालं असं नाही, टाकीत पाणी भरा आणि फ्लोट वर आल्यावर आपोआप चालू होतो का बघा. मीटर रूम बेसमेंटमध्ये असेल तर वर हलवायचा विषय सभेत आणाच.

जमिनीखालची पाण्याची टाकी आणि ड्रेनेज चेंबर यांची उंची बघा. चेंबरचं झाकण टाकीच्या झाकणापेक्षा वर असेल तर चेंबर तुंबलं की घाण पाणी सरळ पिण्याच्या टाकीकडे जातं. टाकीच्या तोंडाला वीतभर उंच कठडा आणि घट्ट झाकण, एवढ्याने निम्मी काळजी मिटते. बोअरचं पाणी पावसाळ्याआधी एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा लॅबमध्ये कॉलिफॉर्मसाठी (सांडपाणी मिसळल्याची खूण असलेले जंतू) तपासा. तळ्याजवळ भूजल पातळी पावसाळ्यात खूप वर येते, रिचार्ज खड्डा (पावसाचं पाणी जमिनीत जिरवायचा) काठोकाठ भरून बसतो आणि वरची घाण सरळ बोअरमध्ये जाऊ शकते, त्यामुळे इथे पाणी जिरवण्यापेक्षा टाकीत साठवणं बरं.

तपासून बघा: जोरदार पावसाच्या रात्री कोण जागं राहणार, बेसमेंटमधल्या गाड्या वर काढायचा निर्णय कोण घेणार, हे नावासकट लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये लावलंय का?

७. डास आणि साप

डेंग्यू झाला की सगळे तळ्याकडे बोट दाखवतात. डेंग्यूचा एडिस डास मात्र घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो: कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर, बंद फ्लॅटच्या बाल्कनीतली बादली. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस ठरवा आणि बंद फ्लॅटच्या चाव्या मालकांकडून मागून घ्या. जलपर्णीत आणि गटारात होतात ते जास्त करून क्युलेक्स जातीचे डास, त्यांचा बंदोबस्त तिसऱ्या टप्प्यातच होतो. धूर फवारणीने तेवढ्यापुरते उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात.

तळ्याकाठी दिसणारा साप बऱ्याचदा दिवड असतो, बिनविषारी. पण घोणसही असते, आणि घाबरलेल्या माणसाला फरक कळत नाही, म्हणून काठी उचलू नका. लांबून नजर ठेवा, सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ वर फोन करा.

८. आता तळं

आता चेंबर कोरडं आहे, वही आहे, ठराव आहे. आता पत्र लिहा. एका पत्रात एकच विषय: अमुक ठिकाणच्या पाइपातून पावसाळ्याव्यतिरिक्त सांडपाणी येतं, हे तारीख-वेळेसकट फोटो, ही जागा, आणि आमच्या सोसायटीची तपासणी आम्ही केली त्याचा अहवाल सोबत. हा शेवटचा कागद लावला की पत्राचं वजन एकदम बदलतं, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय. क्षेत्रीय कार्यालयाला द्या, मलनिःसारण विभागाला प्रत, आवक क्रमांकासह पोच घ्या, आणि पीएमसी केअरवर (महापालिकेची ऑनलाइन तक्रार सेवा) तक्रार टाकून त्याचा नंबर त्याच पत्रावर लिहून ठेवा. शेजारच्या दोन सोसायट्यांना आधी रंगाची परीक्षा शिकवा आणि मगच त्यांच्या सह्या घ्या.

जलपर्णी काढायची असेल तर तळं ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी, लाइफ जॅकेट, आणि काढलेली जलपर्णी त्याच दिवशी उचलायला गाडी. गाडी ठरली नसेल तर मोहीम पुढे ढकला, काठावर टाकलेली जलपर्णी कुजून पहिल्या पावसात परत आत जाते. अनुकूल हवेत ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, त्यामुळे वर्षातून एका रविवारी काढून उपयोग नाही. तणनाशक मारू नका. पक्ष्यांना पाव-फरसाण टाकू नका, मुलांनाही सांगा.

गणपती विसर्जन तळ्यात नको हे नुसतं बोर्ड लावून होत नाही, आवारात सोय द्यावी लागते. शाडूच्या मूर्तीला साध्या पाण्याचा हौद पुरतो. पीओपीसाठी पाषाणच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) काढलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे, महापालिका ही पावडर गणपतीत वाटते, पण शेवटच्या दोन दिवसांत संपते म्हणून आधीच आणून ठेवा. ढोबळ मानाने मूर्तीच्या वजनाइतकी पावडर, मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी, प्लॅस्टिकचं पिंप, मधून मधून ढवळणं, दोन-तीन दिवसांत विरघळते. मूर्तीवरचे दागिने, हार, कापड आधी काढून घ्या. वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं खत असतं, भरपूर पाणी घालून पातळ करून झाडांना द्या, एकदम ओतलंत तर झाडं जळतात, आणि पावसाळी जाळीत तर एक थेंब जाऊ देऊ नका, जलपर्णीला तेच हवं असतं. अमोनियाचा वास उग्र येतो, म्हणून पिंपं बेसमेंटमध्ये न ठेवता उघड्या जागेत, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा, आणि वर फळी नुसती टेकवा, झाकण घट्ट बसवू नका, गॅस बाहेर पडायला जागा पाहिजे.